चाकाला लावलेला दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मित्राला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही एवढं सोडून बाकीचंच बोललो. बायकोला तर नाहीच – आणि खरं म्हणजे सांगायचं होतं ते तिलाच. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतं.

पण एकदम नाही जमणार. आधी सहलीचं सांगतो. चालेल ना?

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नांदेडहून आमच्या गाडीनं निघालो. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी करून रिटायर झालेलो, कुसुम जिल्हा परिषदेच्या शाळेतून. लातूरला तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. माझा हिशेब सरळ – सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, अक्षता टाकायच्या, दुसऱ्या दिवशी परत. कुसुम म्हणाली, "अहो, आता कुठं मस्टरवर सही करायचीय तुम्हाला? सावकाश जाऊ की. बघत बघत."

बघत बघत म्हणजे काय, हे मला लोह्याच्या अलीकडेच कळलं. जन्मभर तिनं चौथीच्या पोरांना आपल्या भागातले किल्ले, लेणी, देवळं शिकवली, भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून. स्वतः त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. बारशाला, लग्नाला, मयतीला या रस्त्यांनी शंभरदा गेलो असू, पण वाकडी वाट करून दोन घटका थांबलो नाही. थांबू दिलं नाही मी. मला उभ्या गाडीत बसवत नाही. गाडी उभी राहिली की माझा पाय हलायला लागतो, हात किल्लीकडे जातो. लोक म्हणतात, पहिल्यापासून उतावीळ स्वभाव. पहिल्यापासून नव्हता हो.

तर या खेपेला मी ऐकलं. जिथं पाटी दिसली तिथं ती "थांबा, थांबा" म्हणाली नि मी थांबलो.

कंधारच्या किल्ल्यापाशी थांबलो. खंदकात अजून पाणी आहे, हिरवंगार. गाडी उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे कुसुम आधी उतरली. इकडेतिकडे बघितलं, हाताला पेलेल एवढा एक दगड उचलला, मागच्या चाकाला लावला, पायानं दाबून बघितला आणि मग पदर खोचून किल्ल्याकडे निघाली.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. गाडी कुठंही उभी केली की ती चाकाला दगड लावते. उतार असो नसो. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते, मान डोलावते आणि तरी दगड शोधायला जाते. आमच्या बिल्डिंगच्या खाली फरशी घातलेलं पार्किंग आहे, तिथंही. बाजारात दगड नाही मिळाला तर वीट, वीट नाही मिळाली तर दुकानदाराकडून लाकडाचा ठोकळा मागून आणते. वर्षानुवर्षं हे चाललंय. लोक हसतात. मीच हसवतो. "आमच्या गाडीला चार चाकं, एक स्टेपनी आणि एक दगड" – हा माझा ठरलेला विनोद. प्रत्येक लग्नात सांगतो. याही लग्नात सांगितला. तीही हसते, पदर तोंडाला लावून. ती हसली की मी घाईनं दुसरा विषय काढतो.

कंधारच्या बाहेर, शेताच्या कडेला, एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे पडलेत. क्षेत्रपालाची मूर्ती होती म्हणतात. हे तक्त्यावर नव्हतं. रस्ता विचारायला थांबलो तेव्हा एका म्हाताऱ्यानं हात करून दाखवलं. त्यात एक दगडी पाऊल आहे – नुसतं पाऊल, घोट्यापाशी तुटलेलं. अंगठ्याचं नख माझ्या तळहाताहून मोठं. मी म्हटलं, चला, बघून झालं. कुसुम खाली बसली, त्या घोट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आईचा पाय."

एवढंच. मी म्हणालो, ऊन चढतंय. कुठलं ऊन? मार्गशीर्षातली सकाळ होती, अंगात स्वेटर होता माझ्या.

आता आईच्या पायाचं. हे तिच्या माहेरी, सासरी, सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. म्हणजे जेवढं ठाऊक आहे तेवढं असं – लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही एक जुनी गाडी घेतली, बदामी रंगाची. कुसुम क्लास लावून गाडी शिकली. नांदेडात तेव्हा बाई गाडी चालवताना दिसली तर पोरं सायकली थांबवून बघायची. धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिक महिना. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे करून ताटात दिवा ठेवून त्याला वाण देतात. तिचं माहेर लातूरकडच्या मुरुडजवळ एका खेड्यात. आम्ही गेलो. गाडी कुसुमनं चालवली. दुपारी घरासमोर लावलेली गाडी आपोआप उताराला लागली आणि खालच्या हापशावरून पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या कुसुमच्या आईला गाडीनं हौदाच्या भिंतीशी दाबलं. पाय मोडला. सळई घातली. सासूबाई त्यानंतर मरेपर्यंत लंगडत चालल्या. कुसुम ब्रेक लावायला विसरली होती. तिनं परत कधी गाडीला हात लावला नाही.

असं सगळ्यांना ठाऊक आहे.

लातूरचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मी परतीचं बोलायच्या आत कुसुम म्हणाली, मुरुडकडून जाऊ, घर बघू. घर कसलं बघायचं? मेहुणा कधीच पुण्याला गेला, कुलूप आहे घराला, किल्ली शेजाऱ्यांकडे. मी पेट्रोलचं निमित्त काढलं, हवेचं काढलं, मान दुखत होती तेही सांगितलं – मान खरंच दुखत होती. शेवटी गेलो. गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ती गल्ली आता सिमेंटची झालीय. हापसा नाही, हौद नाही. कडुनिंब आहे. उतार तेवढाच आहे. मी गाडी मुद्दाम खाली, सपाटीला लावली, तरी तिनं दगड लावलाच. शेजारच्या भागाकाकू बाहेर आल्या. चांगल्याच थकल्यात, पण आवाज खणखणीत. "आगं बया, कुसुम हाय व्हय! किती वाळलीस गं!" दोघी ओट्यावर बसल्या. मी बसलो नाही. टायर बघत होतो. टायरला काय झालं होतं? काही नाही. तरी एक एक करून चारी बघितले. तिथं वाकलेलो असतानाच काकू म्हणालेलं कानावर आलं –

"तुजी माय शेवटपातूर एकच म्हनायची, पाय गेला त्याचं काय न्हाई, पर माज्या पोरीची गाडी चालवायची सुटली. लई जिवाला लागलं होतं बघ तिच्या."

कुसुम रडायला लागली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी तसाच वाकून राहिलो, वाल्वचं टोपण लावत काढत, काढत लावत. आता सांगतो. आता नाही सांगितलं तर परत सहलीकडे वळेन मी.

त्या दिवशी कुसुमनं गाडी लावली होती ती बरोबर लावली होती. घराच्या भिंतीलगत, सपाट जागेवर. हँडब्रेक ओढला होता, गिअर टाकला होता, किल्ली आत खुंटीला अडकवली होती. माझ्यादेखत. सगळं गाव बघायला लोटलं होतं. बाई गाडी घेऊन आली! सासूबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग गाडीवरूनही टाकला. नुसत्या हरखून गेल्या होत्या. आणि पारावर बसलेल्यांपैकी एकजण मला म्हणाला, "पाव्हणं, बाई गाडी चालवती अन् तुमी शेजारी पिशवी धरून बसता व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या मांडीवर खरंच पिशवी होती.

मग पाय धुतले माझे. सासूबाईंनी स्वतः, ऊन पाण्यानं. वाण दिलं. जेवणं झाली. पुरणाच्या जेवणानंतर सगळं घर कलंडलं. मला झोप येईना. ते पिशवीचं आत खुपत होतं. मी ठरवलं, परत जाताना गाडी मी चालवणार, पारावरून नेणार, सगळ्यांसमोरून. त्यासाठी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं. उठलो, खुंटीवरची किल्ली काढली, गाडी बाहेर काढली, वळवली आणि कडुनिंबाच्या सावलीत उभी केली. गल्लीच्या तोंडाशी. उताराला.

सासूबाई अंगणात ताटं घासत होत्या. म्हणाल्या, "सावलीला घेतली व्हय गाडी, जावईबापू? बरं केलं." मी "हो" म्हटलं, किल्ली परत खुंटीला अडकवली आणि जाऊन पडलो. हँडब्रेक ओढला नव्हता. गिअर टाकला नव्हता. कुणी बघत नाही ना, झालं ना पटकन – एवढंच डोक्यात होतं. चाक मुळीवर टेकलं होतं म्हणून गाडी काही वेळ थांबली असावी. मग नाही थांबली.

आरडाओरडा ऐकून बाहेर धावलो. मेहुणा आईला उचलत होता आणि कुसुमवर ओरडत होता, "अक्के, बिरेक लावला न्हवतास का गं?" कुसुम म्हणाली, "लावला होता." आणि मग म्हणाली, "लावला होता वाटतं." हे "वाटतं" मी अजून ऐकतो. गाडी वेगळ्या जागी होती, तोंड वेगळीकडं होतं – पण गाडी तर खाली जाऊन आदळली होती, कोण बघतंय आधी कुठं होती ते? मी तिच्या मागेच उभा होतो. तोंड उघडायचं होतं फक्त.

का नाही उघडलं? कारणं आहेत माझ्याकडे, वर्षं गेली तशी वाढतच गेली. ती मी सांगणार नाही. ऐकली तर तुम्हाला पटतील, आणि ते मला नकोय.

लातूरच्या दवाखान्यात कुसुम आईच्या उशाशी बसून ढसाढसा रडली. सासूबाई म्हणाल्या, "उगी गं. कुणी मुद्दाम करतंय व्हय." आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. मी बोलेन म्हणून वाट बघत होत्या का? मला तसं वाटतं. मी चहा आणायला खाली गेलो.

त्यांनी कधीच सांगितलं नाही. लेकीला नाही, लेकाला नाही. त्याच दिवशी सकाळी त्यांनी माझे पाय धुतले होते. जावयाची मान खाली घालायची कशी, असं त्यांच्या मनात असेल. की लेकीचा संसार? मला माहीत नाही, मी विचारलं नाही. एवढं माहीत आहे की त्यानंतरही दर तिसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना आला, आणि दर खेपेला त्या लंगडत स्वयंपाकघरातून वाणाचं ताट घेऊन आल्या, दिवा विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून. मी पाटावर बसलेलो असायचो. ताट घ्यायचो. धोंडे खायचो. गोड लागायचे का? लागायचे. तेही सांगून टाकतो.

त्या गेल्या तेव्हा शेवटच्या दिवसांत कुसुम त्यांचे पाय धरून म्हणाली, "आई, माफ कर मला." सासूबाईंनी दाराकडे बघितलं. दारात मी होतो. मग हळूच म्हणाल्या, "तुजं काय बी चुकलं न्हाई गं बाई." खोलीतले सगळे म्हणाले, केवढं मोठं मन. मीही म्हणालो. "आईंचं मन मोठं" – माझ्या तोंडचे शब्द आहेत हे.

तर ते झालं त्या गावात. मला वाटलं सुटलो. पण कुसुमला औसा बघायचा होता, खरोसा बघायचा होता, पुढे उदगीर, देगलूरकडची होट्टलची देवळं. रडून मोकळी झालेली, लहान पोरीसारखी खिडकीला लागून बसली होती. औशाचा किल्ला झाला. मी गाडीपाशीच थांबलो, येरझारा घालत. मग खरोशाची लेणी. डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढाचा रस्ता आहे. वर गेलो, गाडी लावली, तिनं दगड लावला – तिथला तांबूस, भुसभुशीत. लेण्यात ती एका खांबापाशी उभी राहून मला काहीतरी समजावून सांगत होती आणि माझ्या कानात घूं झालं. सगळं लेणं एका बाजूला कललं. खाली बसलो. ओकलो. घाम फुटला.

कसंबसं तिनं मला गाडीपर्यंत आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. लातूरला नवरीच्या भावाला, आमच्या भाच्याला, तिनं फोन लावला, तो म्हणाला निघतो, पण तासभर तरी लागेल. कुसुम माझ्या छातीवर हात ठेवून विचारत होती, इथं दुखतंय का, डाव्या हाताला मुंग्या येतायत का? मला बोलता येत नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ती उठली. चाकाचा दगड काढून बाजूला ठेवला. आणि पुढे जाऊन बसली, ड्रायव्हरच्या सीटवर.

मी मागून बघत होतो. तिनं सीट पुढे ओढली, खालचा खटका न बघता सापडला तिला. आरसा आपल्या उंचीला केला. पाय क्लचवर गेला. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. इतक्या वर्षांनी, काही विसरली नव्हती हो. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. मग तिचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. तिनं किल्ली बंद केली. म्हणाली, "नाही हो. या हातांनी आईचा पाय गेला. तुम्हाला कुठं नेऊन आदळीन."

एक वाक्य. कुसुम, ती गाडी मी हलवली होती. एवढं म्हटलं असतं तर तिचे हात थांबले असते की नाही, मला माहीत नाही. पण वाक्य तोंडात आलं होतं. सासूबाई नव्हत्या, मेहुणा नव्हता, पारावरचे नव्हते. मरतोय की काय या भीतीनं अर्धमेला झालेलो मी, आणि ती. याहून कुठली वेळ येणार होती? मी तोंड उघडलं आणि म्हणालो –

"राहू दे. तुला नाही जमायचं."

ती उतरली. दगड उचलून परत चाकाला लावला. पायानं दाबून बघितला. मग माणूस शोधायला उताराच्या रस्त्यानं धावत गेली, या वयात.

खालच्या रानात तुरी कापणारा एक गडी मिळाला, ट्रॅक्टर चालवणारा. त्यानं आम्हाला औशाच्या दवाखान्यात नेलं. हृदयाचं काही नव्हतं, मानेमुळं चक्कर आली होती. वाटेत तो सहज म्हणाला, "बाईला येत न्हाई व्हय गाडी?"

"येत होती," कुसुम म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

भाच्यानं आम्हाला नांदेडला आणून सोडलं. उदगीर राहिलं, होट्टल राहिलं. डॉक्टरांनी मला गाडी चालवायची मनाई केलीय, आता बहुतेक कायमचीच. परवा कुसुम टीव्हीवर कुठलंसं देऊळ बघता बघता म्हणाली, "राहिलं ते राहिलंच आता." तक्रार म्हणून नाही. तिला तक्रार करता येत नाही. तीही गाडीबरोबरच सुटली तिची.

गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. आल्यापासून जागची हललेली नाही, चालवणार कोण? फरशी सपाट आहे. मागच्या चाकाला खरोशाचा तो तांबूस दगड आहे, तिनं डिकीतून आणलेला. रोज सकाळी दूध घ्यायला खाली जाते तेव्हा ती गाडीपाशी थांबते, वाकते, दगड नीट बसलाय ना ते बघते, पायानं दाबते आणि वर येते. आजही गेली होती. मी गॅलरीतून बघत होतो. वर आल्यावर तिनं चहा केला, आणि मी तो घेतला.